मागे बसून पाहिलेली गाडी

क्लचच्या पेडलवरचं रबर नवं होतं. काळंकुळकुळीत, कडा अजून ताज्या, मधल्या रेघांत मातीचा कण नाही — आणि शेजारी ब्रेकवरही तसंच. उघड्या दारातून वाकून तो बघत राहिला. बंद पत्र्याची ही डिलिव्हरी व्हॅन म्हातारी, सीटच्या कडेतून फोम बाहेर आलेला, दाराच्या कडीचा रंग हाताळून हाताळून गेलेला, आणि पायाखाली मात्र हे कोरं करकरीत... म्हातारीने कवळी बसवून हसावं तसं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रबर का बदलतात? झिजलेलं दिसलं की गाडी किती पळालीय ते न विचारता कळतं म्हणून. आणि हे त्याला सांगितलं होतं थोरल्या भावानेच, कधीतरी गाडी चालवता चालवता, मधल्या पत्र्याच्या खिडकीतून मागे ओरडून. त्याच्या रागातला सगळ्यात कडू घोट तो होता. शहाणपणसुद्धा त्याचंच वापरायचं. स्वतःचं काही नाहीच का माझ्याजवळ?

"फुलासारखी वापरलीय, दादा," लाँड्रीवाला म्हणाला. बोटात किल्ली फिरवत तो आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर उभा होता. गुडघे गेले म्हणून धंदा आवरायला काढलेला, पोट पुढे, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. "हिने जड कधी उचललंच नाही. कपडेच कपडे. धंदा बंद करतोय म्हणून, नाहीतर हिला मी दाराबाहेर काढली नसती."

दादा! बापजन्मात त्याला कुणी दादा म्हटलं नव्हतं. घरात तो बारक्या, काचेच्या दुकानात बारक्या, गिऱ्हाइकं फोनवर सांगायची, 'तुमच्या त्या बारक्याला पाठवा'. दादा एकच, थोरला. आज पहिल्यांदा कुणी त्याला दादा म्हणत होतं, तेही टोपी घालायला.

त्याने बॉनेटवर हात ठेवला. गरम.

"मी फोनवर सांगितलं होतं, मी येईपर्यंत चालू करू नका. गार गाडी कशी उठते ते बघायचं होतं."

"उन्हानं तापलीय हो."

गाडी सावलीत उभी होती. सकाळपासून सावलीतच असणार, समोरची इमारत चार मजली. त्याने लाँड्रीवाल्याकडे पाहिलं, लाँड्रीवाल्याने सावलीकडे पाहिलं, आणि बोटातली किल्ली फिरायची थांबली.

सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "भांडायला निघालात की गाडी बघायला?"

"दोन्ही."

"मग आधी गाडी बघा. भांडण काही पळून जात नाही."

पण भांडण गाडीच्या आधीपासून चालू होतं. सोमवारी नव्या शाळेच्या इमारतीचं काम सुरू व्हायचं होतं, सगळ्या खिडक्यांच्या काचा. त्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं काम. कारागीर तो होता — काच कापायची त्याने, घासायची त्याने, चौकटीत बसवायची त्याने — पण गाडी थोरल्याची. सोमवारपर्यंत गाडी नसेल तर थोरल्याच्या दारात उभं राहायचं, किंवा काम सोडायचं, म्हणजे पुन्हा थोरल्याच्याच दारात. आणि थोरला काय म्हणणार ते त्याला पाठ होतं, कारण तो म्हणून चुकला होता, दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, चहाचा कप हातात धरून, हसत: "बारक्या गाडी घेणार? त्याला गाडीतलं काय कळतं? तो तर मागेच बसतो." आणि गिऱ्हाइकं हसली. आणि मीही... हो, मीही हसलो की, ओठ फाकवून.

मागेच बसतो. कोणी बसवलं मागे? दुसऱ्या काचवाल्यांच्या गाडीत लाकडाची घोडी असते. तिरकी, तिच्यावर काचा टेकवायच्या, पट्टा आवळायचा, झालं. त्याने किती वेळा म्हटलं होतं, दादा, घोडी करून घेऊ, मीच करतो, सुट्टीच्या दिवशी. "माणूस असताना लाकूड कशाला?" लाकूड हलतं, लाकडाला खड्डा कळत नाही, माणसाला कळतो. म्हणून माणूस मागे, अंधारात, टाचांवर बसलेला, दोन्ही तळव्यांत काच धरून. गुडघे बधिर होईपर्यंत, लग्न झालं तेव्हाही, पोरं झाली तेव्हाही. मी घोडी होतो. आता बोला.

तो गाडीभोवती फिरला. टायरला लाथ मारली, कारण बघणारे मारतात. बॉनेट उघडायला लावलं आणि आत बघितलं. नळ्या, वायरी, तेलाचा वास. तो गंभीरपणे मान हलवत राहिला. ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली, आणि तिच्यावर जे दिसलं ते बरं की वाईट हे त्याला कळेना. लाँड्रीवाल्याला ते कळलं असावं. तो नुसताच म्हणाला, "बघा, बघा. निवांत बघा. ऑइल काही बोलत नाही लगेच."

मागचं दार उघडल्यावर मात्र त्याचं डोकं चालायला लागलं. साबणाचा वास, आणि त्याच्याखाली दुसरा... ओल. त्याने रबरी चटई ओढली. खालच्या पत्र्याला काळा रंग फासलेला, ताजा, ब्रशचे केस त्यात अडकलेले. अंगठ्याच्या नखाने दाबलं. रंगाखाली पत्रा पापडासारखा वाजला.

"फुलासारखी?"

"अहो, जरासा गंज धरतोच की..."

"ओले कपडे न्यायचात तुम्ही. पाणी गळत. ओल्या चादरींचं गाठोडं कधी उचललंय? काचेहून जड असतं. जड कधी उचललं नाही म्हणे!"

"मग आता काय, भांडायला आलात की गाडी घ्यायला?"

हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकून त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. भिंतीला टेकवून ठेवलेलं, जुन्या घोंगडीत गुंडाळलेलं ओझं त्याने उचललं. ते त्याने खांद्यावरून, चालत आणलं होतं.

"हे काय? फोटो आणलाय कुणाचा?" लाँड्रीवाला म्हणाला.

"काच. तुम्ही चालवा. मी मागे बसतो."

"मागे? अहो, गाडी घेणारा पुढे बसतो! मागे मढं बसतं."

"मग समजा मढं आहे. पण खड्ड्यांच्या रस्त्याने न्या."

दार लागलं. अंधार झाला आणि त्याचं शरीर आपसूक खाली बसलं, टाचांवर, पाठ डाव्या पत्र्याला, काच गुडघ्यांमध्ये, तळवे दोन्ही कडांवर — कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलं नाही — आणि त्या बसण्यात इतकं सुख होतं की त्याला स्वतःची किळस आली. थोरल्याची गाडी सोडल्यापासून तीन आठवडे खुर्चीत, पलंगावर, बायकोच्या शेजारी कुठेच हे अंग असं टेकलं नव्हतं.

गाडी हलली आणि काच बोलायला लागली. इंजिन निरोगी, थरथर बारीक होती, एकसारखी, कुठेही न चुकणारी. दुसऱ्या गिअरला एक गचका, आतल्या आत, घशात घास अडकल्यासारखा. ब्रेक उजवीकडे ओढतात. मागच्या डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचं एक पान तुटलेलं, कारण प्रत्येक दणका त्या कोपऱ्यातून उशिरा आणि दुप्पट येत होता. वळणावर चाकातून घुमणारा आवाज, बेअरिंग... ते बदलता येतं. पाटा बदलता येतो. पत्रा कापून नवा जोडता येतो. गाडी हाडाची खरी होती. खोटं जे होतं ते सगळं वरवर लावलेलं, आणि ते लावायची काही गरज नव्हती, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला — सरळ सांगायचं होतंस की रे, भल्या माणसा, पाटा गेलाय, खाली गंज आहे, इंजिन बरंय. मी घेतली असती. माणसं सरळ का सांगत नाहीत? आयुष्यभर एकाच गाडीत बसून...

दण्‌.

काच हातातून सुटता सुटता राहिली. डोकं पत्र्यावर आपटलं. तो शिवी हासडणार होता, पण त्याआधी त्याला कळलं की दणक्याच्या क्षणभर आधी आपण वाट बघत होतो. खांदे आवळून, श्वास धरून. कशाची? मग पुन्हा खड्डा, आणि पुन्हा तेच. सगळं अंग कान होऊन थांबलेलं, आणि काही न येता नुसता दणका.

ठोका. थोरला मधल्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोका मारायचा, टक टक, खड्ड्याच्या आधी. वर्षानुवर्षं, प्रत्येक खड्ड्याच्या आधी. तो त्याने कधी ऐकलाही नव्हता, इतका ऐकला होता. काचेसाठी, अर्थात. काच महाग असते. महिन्यापूर्वी थोरल्याने करकचून ब्रेक मारला आणि काच सरकून याचा तळवा उभा फाटला, तेव्हा मागचं दार उघडून त्याने पहिलं काय विचारलं? "काच वाचली ना?" आणि मी, रक्त कोपरापर्यंत आलेलं, छाती फुगवून म्हणालो, "वाचली, दादा." तेव्हापासून हा राग. अंगठा अजून पुरता वळत नाही. ठोका काचेसाठी होता, माझ्यासाठी नाही, त्यात शंका कसली?

पण एकदा गाडी रिकामी होती. कुठून तरी परत येताना, एकही काच नाही, तो गोणपाटावर आडवा झोपलेला. तरी टक टक. तो झोपेतून ओरडला होता, "दादा, काच नाहीये, झोपू दे की!" पुढून हसण्याचा आवाज. आणि पुढच्या खड्ड्याआधी पुन्हा टक टक...

सवय असेल. हाताची सवय. तो या शब्दाला धरून बसला. सवयच. रागाला टेकायला काहीतरी हवं होतं, आणि जिथे टेकावं तो कोपरा आता ठिसूळ लागत होता, आणि त्यामुळे राग कमी होण्याऐवजी पिसाळला. त्याने पत्र्यावर मूठ आपटली. "थांबवा! थांबवा गाडी!"

लाँड्रीवाल्याने दार उघडलं, घाबरून. "फुटली का?"

"नाही. पाट्याचं पान तुटलंय. डावीकडचं. बेअरिंग गेलंय, ब्रेक उजवीकडे ओढतात, आणि तुम्ही दुसरा गिअर घाबरत टाकता, कारण तो अडकतो हे तुम्हाला ठाऊक आहे."

लाँड्रीवाला पोटावर हात ठेवून उभा राहिला. "मागे बसून?"

"आता मी चालवतो."

त्याने काच घोंगडीत गुंडाळून खाली आडवी ठेवली आणि पुढे येऊन बसला. परवाना होता, त्याच्यावरचा फोटो अजून मिशी फुटायच्या वेळचा. गाडी धक्के खात निघाली, मग सावरली. आणि समोर रस्ता... इतका रस्ता दिसतो इथून? खड्डा लांबूनच दिसत होता, त्याच्या कडेचं डबकं, त्याच्या पलीकडचा दुसरा, रस्ता ओलांडायच्या बेतात उभी असलेली बाई, तिची पिशवी. सगळं आधीच दिसतं. म्हणजे थोरल्याला सगळं आधी दिसत होतं. मग त्या दिवशी जे काय आडवं आलं तेही दिसलं असणार. दिसलं, तर ठोका मारायला वेळ होता. आणि वेळ असून मारला नसेल, तर माझा राग खरा आहे, शंभर टक्के खरा, सोमवारी मी ताठ मानेने...

आणि मारला असेल तर? टक टक आलं असेल, आणि आपणच त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, एकदाच, ऐकलं नसेल?

त्याने गाडी बाजूला घेतली. तो दिवस त्याला लख्ख आठवत होता, काचेची हिरवट कड, साबणी पाण्याची बाटली, पत्र्यातून येणारी उन्हाची तिरीप. रक्ताचा वास. ब्रेकचा आवाज. पण त्या आवाजाच्या आधी... त्याच्या आधी काय होतं?

"मग, दादा?" लाँड्रीवाला म्हणाला. "रबराचं जाऊ द्या, ते पोरीच्या नवऱ्याने सुचवलं. पण गाडी खरी आहे की नाही सांगा. तुम्हीच सांगा."

"एक मिनिट," तो म्हणाला. "एक मिनिट गप्प बसा हो," आणि इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंगवर दोन्ही तळवे घट्ट धरून, तो त्या ब्रेकच्या आधीची शांतता ऐकायचा प्रयत्न करत राहिला. ती रिकामी निघावी असं आपल्याला वाटतंय, की निघू नये असं, हेही त्याला आता सांगता आलं नसतं.