रविवारचं सोवळं

गिरिधरपंतांना आलेलं एक पत्र अडीच महिने उत्तरावाचून पडून होतं. नवल एवढंच, की पत्रांना उत्तरं लिहिणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता. सेक्रेटरिएटमध्ये ते मसुदे लिहीत. कुणा तहसीलदाराने विहिरीबद्दल विचारावं, कुणा मालगुजाराने रानडुकरांबद्दल गाऱ्हाणं घालावं. पंत सगळ्यांना नम्र, निर्दोष आणि कुणालाच कशात न बांधणारं उत्तर तयार करून देत. हे पत्र मात्र त्यांच्या स्वतःच्या नावाने आलं होतं, आणि स्वतःला काय वाटतं ते लिहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पत्र संस्कृत कोशात ठेवून दिलं आणि त्या दिवसापासून कोश उघडणंच सोडून दिलं.

पत्र होतं सदर वस्तीपलीकडच्या एका मिशनच्या जनाना दवाखान्यातल्या मेट्रनबाईंचं. पंतांची बायको अरुंधती तिथे नर्स होती. लग्नाआधीच ती हे काम शिकली होती, आणि मुलगी तारा शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा कामाला लागली होती. आता मेट्रनबाईंना तिला एका वॉर्डाची मुख्य नर्स करायचं होतं. अडचण रविवारची होती. बाकीच्या नर्सा ख्रिस्ती, रविवारी त्या चर्चला जात. शनिवार दुपारपासून रविवारच्या दिवेलागणीपर्यंत वॉर्ड सांभाळायला चर्चला न जाणारी कुणीतरी हवी होती, आणि तशी अरुंधती एकटीच. सध्या ती तात्पुरती म्हणून रविवारी जाऊन बघत होती. कायमचं ठरवण्याआधी मेट्रनबाईंनी विचारलं होतं, 'पती म्हणून आपली काही हरकत आहे काय?'

हरकत असणार होती ती यमुताईंची. यमुताई म्हणजे पंतांच्या आई. त्यांचं सोवळं सबंध महाल वस्तीत प्रसिद्ध होतं. त्या ओलेत्याने स्वयंपाकघराकडे निघाल्या की कावळासुद्धा अंगणातून उठून भिंतीवर जाऊन बसे. सून दवाखान्यात जाते हे त्यांनी एका अटीवर चालवून घेतलं होतं: परत येताना मागच्या दाराने यायचं. तिथे त्या हातात काठी घेऊन उभ्या असत.

"चपला लिंबाखाली. लुगडं त्या दगडावर. तांब्याला हात लावू नको, मी ओतते."

पौषातल्या थंडीत विहिरीचं पाणी अंगावर पडे. अरुंधती दात वाजू न देता आंघोळ करी. ते दात आत घरात पंतांचे वाजत.

"आई, पाणी जरा कोमट केलं तर?" असं विचारायचं ते रोज ठरवत आणि रोज उद्यावर टाकत.

रविवारी तर घरात मोठीच तारांबळ. यमुताई सोवळ्यात स्वयंपाक करत, त्यामुळे बाहेरचं सगळं पंतांवर येई. पाणी भरणं, भाजी आणणं जमण्यासारखं होतं. ताराची वेणी जमण्यासारखी नव्हती.

"बाबा, ही वेणी नाही, शेपटी आहे," पहिल्या रविवारी तारा आरशात बघून म्हणाली.

पंतांनी ते मनाला लावून घेतलं. कचेरीत फायली बांधायची लाल फीत असते. तिचे तीन पदर घेऊन ते दुपारच्या सुट्टीत सराव करू लागले. एकदा कालव्याच्या पाणीपट्टीची फाईल वेणी घातलेल्या अवस्थेतच साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांनी काही विचारलं नाही, पण त्यानंतर ते पंतांशी थोडं हळू आवाजात बोलू लागले.

एका शनिवारी कामावर निघताना अरुंधती दारात थांबली.

"अहो, बाईंनी विचारलंय. सोमवारपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर ती जागा रायपूरच्या एकीला देतील."

तिने हे अगदी हळू सांगितलं. पण यमुताईंचे कान वयाबरोबर थकले नव्हते.

"कसलं उत्तर?" त्या आतून म्हणाल्या.

पंतांनी कोश आणला. पत्र काढून वाचून दाखवलं. यमुताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अडीच महिने? तुझ्या वडिलांनी शत्रूच्या पत्रालाही तिसऱ्या दिवशी उत्तर धाडलं असतं."

"काय लिहावं तेच कळेना, आई."

"मग लिहू नको. उद्या मीच जाते आणि त्या मडमेला तोंडी सांगते. रविवारी सून घरात पाहिजे. तू नुसता बरोबर चल."

 अरुंधतीने पंतांकडे एकवार पाहिलं आणि ती गेली. पंतांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताराला शेजारी ठेवून मायलेक चंपतरावाच्या टांग्यात बसले. टांग्याला कमीत कमी शिवता यावं म्हणून यमुताई बाकाच्या अगदी कडेवर टेकल्या होत्या.

"काहून माय, आज दवाखान्यात? तब्बेत बरी नाही का?" चंपतरावाने विचारलं.

"माझी बरी आहे. तू घोड्याकडे बघ."

चंपतरावाने मागे वळून पंतांकडे पाहिलं. "पंत, तुमचं तोंड पायलं तर तुमालेच भरती करा लागते, असं वाटून राह्यलं."

वॉर्डाच्या दाराशी चर्चहून परतलेल्या उंच, लालबुंद चेहऱ्याच्या मेट्रनबाई आडवा हात करून उभ्या होत्या.

"ठैरो," त्या म्हणाल्या.

जन्मात कुणी न अडवलेल्या यमुताई थांबल्या. बाईंनी आधी चपलांकडे बोट दाखवलं, मग कोपऱ्यातल्या मोरीकडे. पांढऱ्या कपड्यातली अरुंधती लगबगीने पुढे आली. सासूला तिथे पाहून तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज तिने कामाचाच ठेवला.

"आई, हात धुवा. साबणाने, कोपरापर्यंत."

"मी आंघोळ करून आलेय."

"टांग्यात बसून आलात ना?"

 हे यमुताईंचंच म्हणणं होतं. गेली कित्येक वर्षं त्या दुसऱ्यांना ते ऐकवत आल्या होत्या. त्यांनी मुकाट्याने हात धुतले आणि पुसायला पदर ओढला.

"नहीं!" मेट्रनबाई कडाडल्या.

"पदर टांग्याला लागलाय, आई. हात असेच वर धरायचे. कशाला लावायचे नाहीत."

यमुताई ओले हात वर धरून उभ्या राहिल्या, अगदी घरी नैवेद्याच्या वेळी राहत तशा.

तेवढ्यात एक आया उकळून काढलेल्या हत्यारांचं ताट घेऊन आली. तिला वाट द्यावी म्हणून पंत अदबीने मागे सरले, भिंतीवर आदळले आणि तोल सावरताना त्यांचं एक बोट ताटाच्या काठाला लागलं.

"शिवलास!" यमुताई म्हणाल्या.

"छुआ!" मेट्रनबाई म्हणाल्या.

दोघी एकाच श्वासात बोलल्या आणि मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आया ताट घेऊन आल्या पावली परत गेली.

"आता काय करणार त्याचं?" यमुताईंनी विचारलं.

"परत उकळणार," अरुंधती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

"याच्या एका बोटासाठी?"

"एका बोटासाठी."

यमुताईंनी मेट्रनबाईंना पायापासून टोपीपर्यंत निरखलं. जुन्या सोनाराने दुसऱ्या सोनाराचं काम हातात घेऊन बघावं, तशी ती नजर होती. मग त्यांनी सुनेला एकेक विचारायला सुरुवात केली. हे कपडे तू घरी आणतेस का? नाही, इथेच उकळतात. निघताना हात धुतेस? हात, पाय, तोंड, सगळं धुते. रोज?

"रोज, आई. इथे धुते, मग मागच्या दारी धुते."

"मग हे कधी बोलली नाहीस?"

"बोलले असते तर पाणी कोमट मिळालं असतं का?"

एवढ्यात यमुताईंचं लक्ष पलीकडे गेलं. हात धुऊन आलेल्या आयेने डोकं खाजवलं होतं. "ती बघ," त्या म्हणाल्या, "केसांना हात लावलान." अरुंधतीने सांगितलं, मेट्रनबाईंनी आयेला मोरीकडे पिटाळलं, आणि मग त्या बराच वेळ इंग्रजीत काही बोलल्या.

"बाई म्हणतात, तुमच्यासारखी एक इथे मिळाली असती तर त्यांना रात्री झोप लागली असती."

"सांग तिला, माझं वय झालं. आणि सांग, बाई चोख आहे. गोत्र नसेल तिला, पण चोख आहे." यमुताईंनी हात आणखी थोडे वर केले. "रविवारचं मी घरी बघून घेईन म्हणावं. माझी हरकत नाही."

पंतांना हायसं वाटलं. व्हरांड्यात अरुंधतीला गाठून ते म्हणाले, "झालं की. आईची हरकत नाही."

"पत्र आईंना नव्हतं आलं."

"पण आता..."

"बाईंनी तुम्हाला विचारलंय. मीही अडीच महिने तुमच्याच उत्तराची वाट बघतेय," ती म्हणाली आणि आत गेली.

मेट्रनबाईंनी यमुताईंना साबणाची एक वडी भेट दिली. ती त्यांनी पदराच्या टोकात धरून घरी आणली.

दुपारी पंत कागद घेऊन बसले. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने सविनय सादर करण्यात येते की' इथपर्यंत इंग्रजी झरझर उतरलं. पुढे काय सादर करायचं ते सुचेना. कागद फाटत गेले. स्वयंपाकघरातून यमुताई मजकूर पुरवत होत्या.

"महालक्ष्म्यांना सुट्टी हवी, ते लिही. आणि त्या आयेवर लक्ष ठेव म्हणावं."

तेवढ्यात तारा फणी घेऊन आली आणि पाठ करून समोर बसली. पंतांनी लेखणी ठेवली. केसांचे तीन पदर केले. हल्ली बोटं आपोआप चालत. अरुंधती रविवारी घरी राहिली तर हे केस तिच्या हातात जातील, आणि आपल्याला कुणीतरी खुर्ची दाखवून 'तुम्ही वाचत बसा' म्हणेल, असं त्यांच्या मनात आलं. वाचत बसणं ही त्यांची आयुष्यभराची आवड होती. तरी ते त्यांना आवडेना.

"बाबा, घट्ट होतंय," तारा म्हणाली.

पंतांनी वेणी सैल केली, फीत बांधली आणि नवा कागद घेतला. दोनच ओळी लिहिल्या. 'माझी काही हरकत नाही. रविवारी मुलीची वेणी मी घालतो, आणि ते काम मला सोडायचं नाही.' दुसरी ओळ सरकारी पद्धतीला सोडून होती. ती खोडावी की राहू द्यावी या विचारात पडण्याआधीच त्यांनी पाकीट चिकटवलं, पायांत चपला घातल्या आणि ताराचा हात धरून ते बाहेर पडले.

"आई संध्याकाळी येईल ना? तिच्याच हातात का देत नाही?"

"पत्राचं उत्तर टपालानेच जातं. गावातलं टपाल उद्या पोचतं," पंत म्हणाले. संध्याकाळपर्यंत आपला धीर टिकणार नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी पाकीट सोडलं. मग ते खरंच पडलं का, या शंकेने दोन बोटं फटीत घालून चाचपून पाहिलं.

"पडलं, बाबा. मी आवाज ऐकला," तारा म्हणाली. "आता आजी तुम्हाला हात धुवायला लावेल. पेटीला सगळ्या गावाचे हात लागतात."

"कोपरापर्यंत," पंत म्हणाले, आणि धुवायचेच तर दोन्ही, म्हणून त्यांनी दुसरा हातही एकदा पेटीला लावून घेतला.