आधी रिकामा काटा

बाजाराच्या मागच्या गल्लीत काटेवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दारात माणूस उभा राहिला की आत अंधार पडायचा, एवढंसं. भाजीवाल्यांचे, रद्दीवाल्यांचे, गोदामांतले, दवाखान्यांतले, सगळे रुसलेले काटे ह्याच्याकडे यायचे. हा ते उघडायचा, पुसायचा, तेल द्यायचा, जोखून बघायचा आणि धन्याच्या हाती देताना दर वेळी एकच वाक्य ऐकवायचा, "काही ठेवायच्या आधी काटा रिकामा बघायचा. रिकामा शून्यावर उभा राहिला तरच पुढचं." लोक कंटाळायचे. हा सांगायचा थांबायचा नाही.

कधीतरी एखादा दुकानदार लाडीगोडी लावत यायचा. काटा जरा आपल्या बाजूचा करून द्या म्हणायचा, किलोमागे पन्नास ग्रॅम फक्त, कुणाला कळतंय. काटेवाला त्याचा काटा त्याच्याच डोक्यावर देऊन त्याला वाटेला लावायचा. हे किस्से त्याची बायको शेजारणींना रंगवून सांगायची. "आमच्या ह्यांनी जन्मात कुणाला गुंजभर फसवलं नाही," म्हणायची, "म्हणून तर अजून दोन खोल्यांत आहोत." आणि हसायची. ह्या हसण्यात अभिमान किती आणि टोमणा किती, हे मात्र तिला तिलाच ठाऊक. मूलबाळ नव्हतं. तिला तो आणि त्याला ती.

तर ह्या बाईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, आणि गाठीबरोबर सगळं पोटच, म्हणजे जठर, काढलं. आतडं ओढून थेट अन्ननलिकेला जोडलं. घरी सोडायच्या दिवशी आहाराच्या मॅडमनी दोघांना समोर बसवून समजावलं. मॅडम तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ होतं.

"पोट म्हणजे घरातलं कोठार. आलेलं साठवायचं, घुसळायचं आणि आतड्याला लागेल तसं थोडं थोडं सोडायचं. ते कोठार आता नाही. घास गिळला की सरळ आतड्यात. म्हणून दिवसातून आठ वेळा खायचं, दर वेळी मूठभर, सावकाश चावून. जेवताना पाणी नाही. गोड तर नाहीच. गोड खाल्लंत तर दरदरून घाम येईल, छाती धडधडेल."

"इतकी वर्षं हे म्हणत होते, तुझं काही पोट भरत नाही," बायको म्हणाली. "आता पोटच नाही. वाद मिटला."

मॅडम हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "दर सोमवारी सकाळी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. बेचाळीसच्या खाली आलं तर त्याच दिवशी फोन. वाट बघायची नाही. आपण आतड्यात बारीक नळी घालून अन्न देऊ शकतो, पण त्यासाठीसुद्धा अंगात थोडी ताकद शिल्लक लागते. ती संपल्यावर आलात तर माझ्या हातात फार काही नसेल. घरी काटा आहे ना?"

"ह्यांना विचारताय?" बायको म्हणाली.

काटा होता. बंद पडलेल्या एका दवाखान्यातून त्यानं तो आणला होता, उभा, लोखंडी, वर दांडी आणि दांडीवर सरकतं वजन. खोलीच्या कोपऱ्यात देवासारखा उभा असायचा. पहिल्या सोमवारी त्यानं दांडी शून्यावर आणून बायकोला दाखवली, मग तिला उभं केलं. शेहेचाळीस. वहीत लिहिलं. पुढच्या सोमवारी पंचेचाळीस. मग चव्वेचाळीसच्या थोडं वर. मग त्रेचाळीस आणि चारशे.

तिच्या खाण्यात कसूर नव्हती. मऊ भात, दही, कुस्करलेला बटाटा, अर्धं अंडं. घड्याळ लावून आठ वेळा तो वाटी घेऊन तिच्यापुढे बसायचा. पण खाल्लेलं अंगी लागायला ते आत थांबायला हवं ना. निम्मं तर तसंच वाहून जायचं. आणि सोमवार उजाडला, आकडा उतरलेला दिसला, की बाई वाटी बाजूला सारायची. "खाऊन तरी काय दिवे लागतायत," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. सोमवार गेला की मंगळवारही तसाच जायचा. बुधवारी कुठे दोन घास जास्त. आठवड्याचे दोन दिवस हा मेला आकडाच खाऊन टाकायचा.

पाचव्या सोमवारी ती आंघोळीला गेलेली असताना काटेवाल्यानं काट्यावर जिथं उभं राहायचं त्या पाटाची पत्र्याची झडप उचलली, आत एक किलोचं पितळी माप ठेवलं आणि झडप लावली. लोकांचे काटे ज्या मापांनी तपासायचा, त्यांतलंच ते माप.

ती काट्यावर चढली. त्रेचाळीस आणि सहाशे.

"वाढलं?" ती म्हणाली.

"दोनशे ग्रॅम," तो म्हणाला. "दिसतंय ना समोर. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

त्या दिवशी तिनं अख्खं अंडं खाल्लं. कित्येक दिवसांनी गुणगुणली. संध्याकाळी त्याचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालून आली. खरं वजन बेचाळीस आणि सहाशे होतं. म्हणजे मॅडमच्या रेषेच्या अजून वरच. त्यानं मनाशी ठरवलं, ही खूश राहिली की खाईल, खाल्लं की वजन चढेल, चढलं की गुपचूप माप काढून घेऊ. कुणाला कळायलाही नको. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील जगात सापडत नाही.

वजन चढलं नाही. सहाव्या सोमवारी एकाचं माप काढून दोनचं ठेवावं लागलं. आठव्याला तीन. ती बेचाळीसच्या खाली गेली त्या सकाळी त्यानं दुकानात जाऊन फोन उचलला, मॅडमचा नंबर लावला आणि पलीकडून आवाज येताच ठेवून दिला. काय सांगणार होता? आणि बायको रोज म्हणायची, काहीही करा पण त्या इस्पितळात परत नेऊ नका. त्याला हे एक निमित्त पुरलं. अकराव्या आठवड्यात त्यानं पाच किलोचं लोखंडी माप आत सरकवलं, तेराव्यात त्याच्या जोडीला दोनचं.

दिसत नव्हतं असं नाही. गळपट्टीची हाडं वर आली होती. पण बाईचा विश्वास आरशावर नव्हता, काट्यावर होता. कपडे ढगळ झाले तर म्हणायची, साबण बदलला पाहिजे, कपडे सैल करतोय मेला. शेजारीण म्हणाली, फारच वाळलात हो. तर हिनं तिला हात धरून काट्यापाशी नेलं आणि वहीसुद्धा दाखवली. "डोळे फसतात बाई. आमच्या घरचा काटा फसत नाही. खोट्याच्या कपाळी गोटा, असं आमचे हेच म्हणतात." काटेवाला दाराआड उभा राहून ऐकत होता. त्याला आपली इतकी लाज वाटली की त्या दुपारी तो जेवला नाही. माप मात्र काढलं नाही.

तीन महिन्यांनी तपासणीची तारीख आली. निघायच्या आधी वजन केलं, चव्वेचाळीस आणि पाचशे. ती वही छातीशी धरून बसमध्ये बसली, शाळेत बक्षीस घ्यायला निघाल्यासारखी.

इस्पितळाच्या काट्यावर आकडा आला साडेसदतीस.

मॅडमनी पुन्हा उभं केलं. साडेसदतीस. त्यांनी वही उघडली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आज सकाळी साडेचव्वेचाळीस? चार तासांत सात किलो?"

"तुमचा काटा बिघडलाय मॅडम," बायको म्हणाली, अगदी आदबीनं. "राग मानू नका. रिकामा करून बघा आधी. आमचे हे जन्मभर काटेच दुरुस्त करत आलेत. ह्यांच्या काट्यात चूक निघायची नाही."

मॅडमनी काटेवाल्याकडे पाहिलं. "तुम्हीच बघा मग. कारण आजचा आकडा चुकला म्हटलं, तरी ही वही खरी असेल तर चारच दिवसांपूर्वी, सोमवारीही त्या चव्वेचाळीस होत्या. चार दिवसांत इतकं उतरायचं म्हणजे आत काहीतरी मोठं बिघडलंय. मला सर्जनना आत्ता बोलवावं लागेल. कदाचित आजच पोट पुन्हा उघडून बघावं लागेल."

काटेवाला पुढे झाला. त्यानं दांडी शून्यावर आणली. दांडी सरळ उभी राहिली, जराही इकडे तिकडे नाही. इतका चोख काटा त्यानं वर्षभरात पाहिला नव्हता. बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर शंकेचा ठिपकाही नव्हता. काटा दोषी आहे, एवढंच म्हणायचं होतं. तिनं मानलं असतं. आणि मग मॅडमनी दुसऱ्या काट्यावर तोच आकडा बघून तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं असतं.

"हा बरोबर आहे," तो म्हणाला. "घरच्या काट्याखाली सात किलो आहेत. मी ठेवलेत."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, वही मिटली आणि पुन्हा उघडली. "महिन्याभरापूर्वी फोन आला असता," म्हणाल्या आणि सर्जनऐवजी वॉर्डाला फोन लावला.

बायकोनं काट्याच्या दांडीला हात लावला. मग म्हणाली, "कधीपासून?"

"पाचव्या सोमवारपासून."

"म्हणजे मी अख्खं अंडं खाल्लं, त्या दिवशी."

"हो."

तिनं वही उचलून त्याच्या हातात दिली.

तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. नळी घालण्याइतकी ताकद अंगात उरली नव्हती, म्हणून आधी शिरेतून पोषण सुरू केलं. तब्येत सावरली तर नळी, असं ठरलं. मॅडमना खरे आकडे हवे होते, आणि ते जगात एकाच माणसाला माहीत होते. काटेवाला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला आणि वहीतला एकेक सोमवार लाल रेघेनं खोडून शेजारी खरं वजन लिहीत गेला. त्याला एकही आकडा आठवावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला धरून व्हरांड्यातल्या काट्यापाशी घेऊन गेला. ती पाय ठेवायच्या आधी थांबली.

"आधी रिकामा दाखवा," ती म्हणाली.

तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला हे कधी म्हटलं नव्हतं. तो जगाला हे सांगत आला, पण घरात ते कधी मागावं लागलं नव्हतं. पहिल्या सोमवारी त्यानं दाखवला तो आपल्या सवयीनं, आणि तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत होती. आता त्यानं दांडी शून्यावर आणली. तिनं वाकून, डोळे बारीक करून बघितलं, मग वर चढली. तो आकडा बोलला, तिनं मान हलवली.

रोज सकाळी हेच. एरवी ती त्याच्याशी नीट वागायची. त्याच्या हातून भात खायची, तुम्ही जेवलात का विचारायची, दुकान उघडत नाही म्हणून रागवायची. पण काट्यापाशी आलं की, आधी रिकामा दाखवा. नर्सला ते गमतीचं वाटायचं. काटेवाला मात्र दर वेळी मान खाली घालून दांडी शून्यावर आणायचा.

एकदा न राहवून तो म्हणाला, "तू दोन घास खावेस म्हणून केलं गं. दुसरं काही नव्हतं मनात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर जड जातंय. वाईटासाठी केलं असतंत तर भांडून मोकळी झाले असते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर रडले असते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आले असते तुमच्याबरोबर इथं. एवढी काही मी भित्री नव्हते."

त्यानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

दहाव्या दिवशी ताप चढला आणि छातीत कफ झाला. मॅडम म्हणाल्या, शरीर झगडतंय, पण झगडायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही. सोमवारी सकाळी नर्स म्हणाली, आज वजन राहू द्या. पण बायकोनंच उठवायला सांगितलं. सोमवार आहे, म्हणाली.

तो तिला जवळजवळ उचलूनच काट्यापाशी घेऊन आला. एका हातानं तिला सावरून दुसऱ्या हातानं त्यानं दांडी शून्यावर आणली आणि बघ म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. "उभी करा मला."

तिनं मागितलं नाही. दमली म्हणून, की दुसऱ्या कशामुळे, हे त्यानं विचारलं नाही. तिच्या दोन्ही काखांत हात घालून त्यानं तिला वर उभं केलं. एक हात क्षणभर काढून त्यानं वजन सरकवलं, तर दांडी तिसापाशीच घुटमळायला लागली.

"हात सोडा," ती म्हणाली. "तुम्ही धरलंय म्हणून कमी दाखवतोय."

"पडशील."

"क्षणभर सोडा. खरं काय ते बघू."

त्यानं हात बोटभर लांब नेले. ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. दांडी वर गेली, त्यानं वजन पुढे सरकवलं तशी खाली आली आणि मध्ये थांबली.

"किती? मला दिसत नाही."

तिला दिसत नाही, म्हणजे तो काहीही सांगू शकला असता.

"चौतीस आणि दोनशे," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावर कलंडली. त्यानं तिला सावरलं. "वहीत लिहा," ती त्याच्या खांद्यात म्हणाली.

तिला पलंगावर निजवून, पांघरूण घालून त्यानं तारखेपुढे तो आकडा लिहिला. वहीतला तो शेवटचा सोमवार.