चालवणाऱ्याचं वजन

"भाऊजी, सीटवरची ती पोती खाली उतरवा," ती गाडीखालूनच म्हणाली.

दीर गाडीची चावी मागायला आला होता. भाऊ गेला, आता त्याची दोन सीटची स्पोर्ट्स कार आपणच न्यायची, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"दादाची पोती आहेत ती, वहिनी!"

"माहितेय. मीच शिवलीत."

वाळूची ती दोन पोती बरोबर नवऱ्याच्या वजनाची होती. चालवणाऱ्याचं वजन सीटवर असल्याशिवाय सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरचा गाडीचा तोल, जुळवायचं नाही, हा त्याचा हट्ट. तो खाली शिरायचा तेव्हा सीटवर पोती बसायची. तिला कधी बस म्हणाला नाही. पाने देणं, बोल्ट आवळणं, सांडलेलं तेल पुसणं तिच्याकडे. तरी गॅरेजवर आलेली गिऱ्हाइकं तिला विचारायची, "मालक कुठायत?" तो राग अजून गेला नव्हता.

ती बाहेर आली. चाकं ठोकळ्यांवर टेकलेली होती. मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, स्वे बार, तिने टोकाकडच्या भोकात घेऊन जरा मऊ केला होता.

"दादा तर कडक ठेवायचा!"

"त्यांना वळणावर गाडीची शेपटी घसरवायची हौस होती. मला वळण संपवून घरी यायचं असतं."

"तुम्ही चालवणार?"

"मग काय नुसती पुसत बसू?"

दिराने तोंड पाडून पोती उतरवली. ती सीटवर बसली, स्टिअरिंग धरलं. "आता खाली शिरा. दांड्याची एकच बाजू जोडायची राहिलीय."

"मी?"

"मग कोण? मला वर बसायचंय."

चावी मागायला आलेला माणूस नव्या शर्टासकट गाडीखाली गेला.

"बोल्ट जात नाहीये. हातोडा द्या!"

"हातोडा लागला म्हणजे दांड्यावर ताण राहिला. दांडा चाकाशी जोडणारी ती छोटी लिंक फिरवून तिची लांबी कमी करा. बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे."

बराच वेळ खालून पुटपुट ऐकू आली. मग दिराचा आवाज आला, जरा नरमलेला. "गेला. बोटांनीच गेला."

"मग आवळा."

तो बाहेर आला तेव्हा पाठभर तेल होतं. चावीचं त्याने नाव काढलं नाही. तिने गाडी हळूच ठोकळ्यांवरून खाली घेतली. ती उतरली. गाडी होती तिथे जमिनीवर तेलाचा जुना, चिकट डाग होता. तिने एका पोत्याची शिवण उसवली.

"अहो वहिनी, दादाचं पोतं..."

"तेल त्यांनीच सांडलंय," ती म्हणाली, आणि मूठ मूठ वाळू डागावर पसरत राहिली.