सगळं ठीक सांगणारा पट्टा

मी संशयी आहे, हे सगळ्या टेंभुर्णीला ठाऊक आहे. दुकानदारानं बांधून दिलेली पुडी मी त्याच्याच समोर सोडून बघते. त्याला राग येतो. येऊ दे.

म्हणून जालन्याच्या दवाखान्यात आमच्या ह्यांच्या, म्हणजे अंगदच्या, मनगटावर तो काळा पट्टा बांधला, तेव्हाही मी रूपाली सिस्टरला भंडावून सोडलं. ह्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. सिस्टर म्हणाली, "घरी गेल्यावर आत काही बिघडायला लागलं, की नाडी पळते, अंग तापतं. पेशंटला कळायच्या आधी ते आम्हाला इथं दिसतं. मी फोन केला की जल्दी निघायचं."

एकदा तसा फोन आला. आम्ही गेलो, तर जखमेत पू धरला होता. डॉक्टरांनी टाका उकलून तो काढला, तेव्हा ह्यांचं ओरडणं बाहेरच्या बाकापर्यंत आलं. माझ्या सासूबाई, चतुराबाई, दोन्ही कानांवर पदर दाबून बसल्या होत्या.

"त्या पट्ट्यानं चुगली केली," परत येताना जीपमध्ये त्या म्हणाल्या. "न्हाईतर लेकराला परत कापलं नसतं."

"चुगली केली म्हणून तर पू निघाला, आत्याबाई," मी म्हटलं.

त्यानंतर सिस्टरचा फोन यायचा तो फक्त सगळं ठीक आहे, एवढं सांगायला. दुसरी कुणी असती तर देवापुढे साखर ठेवली असती. मला ते पटेना. हे चहा अर्धा ठेवायचे, उचकी लागली की थांबायची नाही, आणि विचारलं की, "बराबर आहे सगळं," म्हणून भिंतीकडं तोंड करायचे. माय-लेक कुजबुजत असायचे आणि मी आत गेले की गप्प. मला वाटलं, म्हातारी चोरून भाकरी चारत असणार. मी उशीखाली पाहिलं, खाटेखाली पाहिलं. काही सापडलं नाही, तेव्हा माझा संशय जास्तच वाढला.

मग एका सकाळी सिस्टरचा फोन आला. "दैवशालाताई, पेशंटला दमानं घ्यायला सांगा. नाडी छान आहे, ताप नाही. पण रोज सकाळी एवढे चालत कुठं जातात?"

हे तर मोरीपर्यंतसुद्धा माझ्या खांद्याला धरून जात होते. सकाळी शेतात चालत जाणारं आमच्या घरात एकच माणूस होतं, आणि ते आत्ताच येऊन ह्यांच्या उशाशी बसलं होतं.

फोन तसाच चालू ठेवून मी ह्यांच्या अंगावरची चादर ओढली. मनगट मोकळं होतं. हात लावला तर चटका बसला.

"पट्टा कुठंय?"

हे आईकडं बघू लागले. सासूबाईंनी पदर दंडावर ओढून घेतला. मी तो बाजूला केला. पोलक्याच्या बाहीखाली, ताईत बांधावा तसा, पट्टा बांधलेला होता.

"माझी नाडी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझीच बघू द्या त्यायला. मंग पोराला बोलावणार न्हाईत. त्याला लई भ्याव वाटून राह्यलं व्हतं, दैवशाला."

मी तोंडाला येईल ते बोलले. म्हातारीला बोलले, आणि ह्यांना त्याहून जास्त, कारण हे लहान नव्हते.

"ताई, भांडण नंतर," फोनमधून सिस्टरचा आवाज आला. "आधी निघा."

आतड्याचा टाका सुटला होता. आतलं सगळं पोटात पसरलं होतं. "दोन दिवस आधी कळतं तर एवढं पोट उघडावं लागलं नसतं," डॉक्टर म्हणाले. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. हे वाचतील की नाही, हे तेव्हा डॉक्टरही सांगत नव्हते. त्या बाकावर आम्ही दोघी बसून राहिलो, आणि मला त्यांचा इतका राग आला होता, की त्यांनी दिलेलं पाणीही मी प्यायले नाही.

हे वाचले. आता घरी आहेत, हाडांना कातडी चिकटली आहे, पण चहा पूर्ण पितात. मनगटावर पट्टा आहे.

रोज सकाळी शेतात निघताना सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहतात. मी कधी सांगितलं नाही, पण त्या पदर खाली सोडतात, पोलक्याच्या बाह्या एकेक करून वर सरकवतात आणि सुरकुतलेले दोन्ही दंड मला दाखवतात.

"बघ," म्हणतात.

मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तरी मी बघते.