आजाऱ्याचा पाव

विषमज्वर उतरून महिना उलटला, तरी माझ्या पुढ्यात पावच येत होता. सकाळी चहात बुडवून, दुपारी दुधात बुडवून, संध्याकाळी परत दुधात. आमच्या सोलापुरात धडधाकट माणूस पावाच्या वाटेला जात नाही. कुणाच्या हातात पावाचा पुडा दिसला की ओळखीचे लोक थांबवून विचारतात, "घरात कोण पडलंय?" आजाऱ्याला भेटायला जायचं तर पाव घेऊन जायचा, ही तर रीतच. अख्खी चाळ माझ्याकडे पाव घेऊन येऊन गेली. बायका यायच्या, पुडा उशाशी ठेवायच्या, याच तापानं कोण कोण गेलं त्यांची नावं सांगायच्या आणि "जिवाला जप गं" म्हणून उठायच्या. मला बोलायचं त्राण नव्हतं, नाहीतर एकेकीला सुनावलंच असतं.

सासूला आमच्यात अत्ती म्हणतात, आईला अव्वा. माझी अत्ती, सावित्रम्मा, रोज दुपारी उन्हातून भट्टीवर जायची आणि ताजा पाव घेऊन यायची. स्वतः मात्र शिळी भाकरी आणि शेंगाची चटणी खायची. मी तिच्या ताटाकडे बघत राहिले की म्हणायची, "इकडं काय बगतीस? तुज्यासाटी पांढरंशुभ्र हाय की." दोनच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आम्ही रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी डोळे मिटून गिळल्या होत्या. अशा माणसांना पांढरा मऊ पाव म्हणजे अमृत वाटणारच. तिचं चुकत होतं असं म्हणायलाही जीभ रेटत नव्हती.

पण पाव खाल्ला की पोट तट्ट व्हायचं आणि घटकाभरात पुन्हा खळगा पडायचा. उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे. वेणी घालायला हात वर केले तर मध्येच खाली ठेवून दम घ्यावा लागायचा. मी चोवीस वर्षांची होते आणि चाळीतल्या म्हाताऱ्या माझ्यापेक्षा तुरुतुरु चालत होत्या.

माझा रेवण तेव्हा दहा महिन्यांचा होता. मला ताप चढला तेव्हा त्याला कुर्डुवाडीला माझ्या नणंदेकडे, चन्नम्माकडे नेऊन ठेवलं. तिचंही अंगावर पिणारं लेकरू होतं, तिनं आमच्या रेवणलाही पदराखाली घेतलं. तिचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही. तरी खरं सांगायचं तर रात्री अंथरुणात तिचाच राग यायचा. माझे यजमान शिवशरण गिरणीत होते. सुट्टीच्या दिवशी ते जाऊन रेवणला बघून यायचे. एकदा परत आले ते सरळ अंथरुणावर आडवे झाले. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "चन्नीला अव्वा म्हणतोय."

"आणि तुमाला?"

"मला बगून रडला."

त्या दिवशी मी अत्तीला विचारलं, "रेवणला कधी आणायचं?" ती घागर घासत होती. तशीच घागर माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "खालच्या नळावरनं ही भरून वर आण. त्या दिवशी आणू. घागर उचलंना, तर पोरगं कसं उचलशील?"

म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले. भरलेली घागर कमरेवर घेतली आणि पहिल्याच पायरीवर पाय लटलटले. शेजारच्या मल्लव्वानं धरली म्हणून घागर वाचली. मी वर येऊन भिंतीशी बसले आणि अत्तीनं लगबगीनं दुधात पाव कुस्करला.

मग आम्ही दवाखान्यात गेलो. तापात ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला बघितलं होतं ते नव्हते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. त्यानं माझी पापणी खाली ओढून बघितली. "रक्तच नाही अंगात. काय खाता?"

मी तोंड उघडायच्या आत अत्ती पुढं झाली. "पाव. निव्वळ पाव, सायेब. भाकरीला हात बी लावू देत न्हाय."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. त्याच्यापुढं दाराबाहेरपर्यंत रांग होती, तोही दमलेला दिसत होता. "आजी, पाव म्हणजे मैदा. गव्हाचा कोंडा गेला, त्याबरोबर सत्त्वही गेलं. पोट भरतं, पण अंगी काय लागणार? तापात दिला ते ठीक होतं, पचायला हलका असतो. आता भाकरी द्या, डाळ द्या, पालेभाजी द्या. त्यातनं रक्त भरतं."

मला वाटलं, सुटले. बाहेर येताना भूक अशी लागली की चटणीच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं, चटणी कुठं नसतानाच. पण अत्ती वाटभर माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिली. चाळीच्या दारात आल्यावर म्हणाली, "कालचं पोरगं. त्याला काय कळतंय? म्हाताऱ्या डाक्टरनं हलकं द्या म्हणून सांगितलंय."

"ते तापात सांगितलं हुतं, अत्ती."

"मी हाय तवर न्हाय द्यायची." आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मेणकागदात गुंडाळलेला, कापलेला पाव आला. महागातला. कागदावर छापलेलं होतं की यात जीवनसत्त्वं घातली आहेत. अत्तीनं शिवशरणकडून ते दोनदा वाचून घेतलं. "बग, सत्त्व हाय की न्हाय? कागदावर लिवलंय," ती मला म्हणाली. त्या छापलेल्या अक्षरांपुढं मी काय बोलणार? नवऱ्याकडे बघितलं तर ते कागदाची घडी घालत होते. "अव्वा म्हणती तर खा की," एवढंच म्हणाले. आई आणि बायको यांच्यामध्ये सापडलेला पुरुष दरवेळी अशीच कसली तरी घडी घालत बसतो.

तेव्हा मी चोरी करायची ठरवली.

आमच्या घरी कडक भाकरीची टोपली असते. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, निखाऱ्यावर कडक करायची, टोपलीत रचून वर फडकं घालायचं. पंधरा पंधरा दिवस काही होत नाही. टोपली माझ्या उशापासून चार हातांवर होती. अत्ती भट्टीवर गेली की मला रान मोकळं. अडचण एकच, कडक भाकरी चावली की आवाज होतो. आमच्या आणि मल्लव्वाच्या खोलीत लाकडी फळ्यांची भिंत, आणि मल्लव्वाला भिंतीपलीकडचं मांजर पाणी पितं तेही ऐकू येई. तिला कळलं म्हणजे अत्तीला कळलंच.

मग मी भोंग्याची वाट बघायला लागले. दुपारची पाळी बदलताना गिरणीचा भोंगा व्हायचा, तेवढा वेळ शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नसे. भोंगा सुरू झाला की मी भाकरी मोडायची, तेल-चटणी लावायची आणि चावत सुटायची. थांबला की उरलेला घास तोंडात धरून ठेवायचा, थुंकीनं मऊ होऊ द्यायचा. लग्न होऊन सून म्हणून आलेली बाई आपल्याच घरात भोंग्याच्या तालावर भाकरी खाते, याचं कधी हसू यायचं, कधी रडू. पण पहिल्या घासाला जे वाटलं ते सांगते. ज्वारीचा तो खरपूस वास नाकात गेला आणि मी जिवंत आहे असं तापानंतर पहिल्यांदा वाटलं. मल्लव्वानं आणून दिलेली पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी अत्ती स्वतःसाठी झाकून ठेवायची, त्यातलीही मी बोटभर खायला लागले.

हळूहळू फरक पडला. जिन्यावरची धाप कमी झाली. नखांचा पांढरेपणा गेला. अर्धी घागर वर आणली आणि बसावं लागलं नाही. अत्ती हरखून गेली. चाळभर सांगत सुटली, "बगा, पावानं कसा रंग चढलाय! त्यो डाक्टर म्हणं मैदा हाय." बायका माना डोलवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. चोराच्या मनात चांदणं. मी पदर सारखा करत आत जायची. पण मनात म्हणायची, अजून थोडे दिवस. पूर्ण घागर वर आली की रेवण येईल, मग कुणी काय का म्हणेना.

एके दुपारी अत्ती पिशवी घेऊन गेली, भोंगा झाला, आणि मी भाकरी घेऊन बसले. त्या दिवशी भूक जरा जास्तच होती. भोंगा थांबला तरी माझे दात थांबले नाहीत. कुर्रकन आवाज झाला आणि मी वर बघितलं. भट्टी बंद होती. अत्ती रिकामी पिशवी घेऊन दारात उभी होती.

मला वाटलं आता चाळ गोळा होणार. पण ती ओरडली नाही. पिशवी तिथंच टाकली, धावत आली, माझ्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. मूल माती खातं तेव्हा काढतात तसा. मग मला आडवी निजवली आणि माझ्या पोटावर हात ठेवून बसली.

"कुटं दुकतंय?"

"कुटंच न्हाय, अत्ती."

"कळ येतीया? सांग. लपवू नको."

"न्हाय ओ."

ती उठलीच नाही. मल्लव्वा डोकावून गेली. ऊन दारातून सरकत बाहेर गेलं, तिच्या हाताखाली माझं पोट घामानं भिजलं, तरी हात काढेना. मी दोनदा उठायला बघितलं, दोनदा तिनं दाबून निजवलं. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा तिनं विचारलं, "किती दिवस खातीस?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. "लई दिवस झाले. दवाखान्यातनं आल्यापास्नं."

"रोज?"

"रोज."

"आन् काय झालं न्हाय?"

"काय झालं न्हाय. बरं वाटलं, अत्ती. रंग आलाय म्हणता न्हवं, तो भाकरीचा हाय."

एवढं म्हणून मी जरा गुर्मीनंच तिच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता तरी पटेल. अत्तीचा चेहरा असा झाला होता की माझी गुर्मी जागच्या जागी विरली.

"गंगीला बी ह्योच ताप हुता," ती म्हणाली.

गंगम्मा तिची थोरली मुलगी. माझ्या लग्नाआधीच तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचं नाव निघत नसे.

"रोट्टी कोडव्वा, रोट्टी कोडव्वा. दिवसरात एकच. भाकरी दे गं आई. आतडं फुटंल म्हणून सगळ्यांनी सांगितलं. मी न्हाय दिली. पावाचं पाणी पाजलं. टोपली उचलून शेजारी नेऊन ठेवली, तिला दिसू नये म्हणून. हातावर मेली गं माज्या, मागत मागत. मन घट्ट केलंस म्हणून लोकांनी माजं कौतुक केलं." ती माझ्या पोटावरच्या आपल्या हाताकडे बघत होती. "भाकरीनं काय हुत न्हाय, तर मग गंगी..."

आता मला कळलं, त्या तरुण डॉक्टरचं म्हणणं तिला का पटवून घ्यायचं नव्हतं. मी उठून बसले. तिचा हात धरला. डॉक्टर तापाबद्दल जेवढं बोलला होता त्यात मी आपल्या पदरचं घातलं, "अत्ती, ताप असताना द्यायचीच नसती. तुमी दिली असती तर त्याच दिवशी गेली असती. डाक्टरांनी मला सांगितलंय. ताप उतरल्यावर चालतंय. तुमचं काय बी चुकलं न्हाय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर कुणीतरी शेगडी पेटवली होती, धूर आत येत होता. मला वाटलं, पटलं तिला.

"ताप उतरला हुता गं तिचा," अत्ती म्हणाली.



सकाळी शिवशरण आदल्या दुपारपासूनची डबल पाळी संपवून आले तर त्यांना तिनं दारातूनच परत धाडलं. "कुर्डुवाडीला जा. पोराला घेऊन ये." मी म्हणाले, "अत्ती, घागर अजून..." तर म्हणाली, "घागर मी आणीन."

मग तिनं चूल पेटवली. ज्वारीचं पीठ मळलं, मऊ भाकरी थापली, तव्यावर टाकली. फुगली तशी उतरवून माझ्या ताटात घातली, वर पुंडीची भाजी, कडेला तेल-चटणी. आणि समोर बसली. "तिन्नव्वा," म्हणाली, "खा बाई." एवढ्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी एक भाकरी खाल्ली. तिनं दुसरी घातली. तीही संपवली. तिसरी घातली तेव्हा अन्न माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं. मी वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, पण ती मला बघत नव्हती.

पुरे म्हणायची माझी छाती झाली नाही. मी तिसरी भाकरी मोडली आणि खाल्ली.