तेच कुटुंब

समिनानं ऊसतोड्यांच्या कोपीच्या दारावरचं गोणपाट बाजूला सारलं आणि आत हाक मारली, "भागूबाई!"

"ओ," म्हणत चुलीपुढची पोर वळली. चौदा-पंधराची असेल. कपाळावरचं कुंकू चेहऱ्याच्या मानानं मोठं होतं.

समिनाला हसूच आलं. "तू नव्हे गं. भागूबाई कुठाय?"

पोरीनं चुलीत उसाचं पाचट सारलं.

पलीकडे जीपपाशी पुण्याच्या विद्यापीठातल्या मॅडम उभ्या होत्या. हंगामागून हंगाम तीच ऊसतोड कुटुंबं, नवरा-बायकोची तीच जोडी, पुन्हा शोधायची, त्यांची खबरबात घ्यायची, असा हा अभ्यास. समिनाच्या बारामतीच्या कॉलेजला हे झेपेल, यावर या मॅडम सोडल्या तर पुण्यात कुणाचा विश्वास नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तालुक्याची माणसं कच्चीच वाटतात. समिनानं मात्र हट्टानं सगळे तळ पालथे घातले होते. मॅडमनी पडताळणीला निवडलेल्या कुटुंबांपैकी इंदापूरकडचं हे एकच राहिलं होतं. ते सापडलं, तर स्थलांतर अभ्यासाचं केंद्र कॉलेजला मिळणार आणि तिची तात्पुरती नोकरी कायम होणार. नाही सापडलं, तर दोन्हींवर पाणी.

शिवाय भागूबाईवर तिचा जीव होता. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतानाही ती बया वरून ओरडायची, "बाई, तुमचं लगीन कवा?"

कोपीमागून भागूबाईचा नवरा रामहरी आला. समिनाला ओळखून त्यानं मान खाली घातली.

"रामहरी, भागूबाई कुठाय?"

"ही काय."

"ही नव्हे. आपली भागूबाई."

"ती गेली, बाई. पावसाळ्यात. बाळंतपनातच." तो कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला. "ही तिची धाकली भन."

"आणि तुम्ही हिच्याशी..."

"मुकादम एकट्याला आनत न्हाय. कोयता म्हंजी जोडी. सासऱ्यालाबी ठाव हाय ते. त्यानंच दिली."

समिना पोरीजवळ उकिडवी बसली. "तुझं नाव काय गं, बाळ?"

पोर रामहरीकडं बघायला लागली.

"भागूबाईच," तोच म्हणाला. "लग्नात नाव बदलत्यातच की. मलाबी हाक मारायला तेच वळन हाय."

यात खोटं काहीच नव्हतं. नवरा तोच, टोळी तीच, बायकोचं नावही तेच. कुणी खोदून विचारलं असतं तरी खरं तेच उत्तर मिळालं असतं. समिनाला या खरेपणाची शिसारी आली.

"समिना, सापडलं का कुटुंब?" मॅडमनी हाक दिली.

समिनानं पोरीकडं पाहिलं. पोरीच्या हाताला उसाच्या पात्यानं चिरल्याच्या ताज्या रेघा होत्या.

"सापडलं," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, तरी तिला परका वाटला.

मॅडम आनंदानं आल्या. "शाब्बास! मी पैजेनं सांगितलं होतं पुण्यात, की ही मुलगी करून दाखवील." मग पोरीला म्हणाल्या, "किती लहान दिसता हो तुम्ही!" आणि तिच्या शेजारी पाचटावरच मांडी घातली. बाई मनानं चांगल्या होत्या. "सांगा भागूबाई, गेल्या सालापेक्षा यंदा काय काय बदललं?"

पोरीनं आधी रामहरीकडं, मग समिनाकडं पाहिलं. दोघांच्याही माना खाली होत्या.

"काय न्हाय," ती म्हणाली. "समदं तेच हाय."