उपसा

"हवा ओढतोय गं ताई," बोअरच्या पाइपाला कान लावून मेकॅनिक म्हणाला. "पाणी खाली गेलंय."

"मग सोड की पंप खाली. गावभर सोडतोस, बहिणीच्याच अंगणात हात आखडता?"

मेकॅनिकला चैन पडेना. पान्हा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. नदीकाठचे झाडून सगळे पंप त्यानेच खाली उतरवले होते. पंपाने हवा ओढली की त्याचं एकच औषध, अजून एक पाइप. लोकांनी त्याचं नावच 'अजून-एक' पाडलं होतं. जमिनीतून झिरपत नदीला मिळायचं ते पाणी वाटेतच वर खेचलं जाऊ लागलं, मग नदीचंच पाणी उलटं जमिनीत मुरायला लागलं. हे त्याला कळत होतं. वळत नव्हतं, इतकंच.

ताईचा नवरा होडीवाला. नदी आटल्यापासून होडी अंगणात होती. दाजी रोज तिच्या फटी बोटाने चाचपायचे, कुठे उकललं तर डांबर भरायचे. कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"दाजी, नको म्हणालात तर हात लावत नाही पंपाला. हासुद्धा तुमच्या नदीतूनच ओढणार."

"आणि तुझी ताई प्यायला काय आणेल? माझं कपाळ?" दाजींनी मान वर केली नाही. "सोड."

मेकॅनिकने अजून एक पाइप जोडला. पंप घरघरला, गढूळ थुंकला आणि धार लागली.

"भरून घ्या पटापट, वीज जाईल!"

"कशात भरू? टाकीला तडा गेलाय." ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि नळी होडीत टाकली. "ही तरी गळत नाही ना? मग झालं तर."

होडीत पाणी चढू लागलं. दाजी पाठमोरे डांबराचे हात चिंधीला पुसत होते. लाकडावरचा पाण्याचा आवाज कानी पडला मात्र, ते झटकन वळले, होडीतल्या बाकाखालचा डबा ओढला आणि भराभर पाणी उपसून बाहेर फेकायला लागले.

"अहो, काय करताय हे!" ताई किंचाळली.

दाजी थबकले. ओशाळून हसले. "होडीत पाणी दिसलं की उपसायचं. पोरवयापासून तेच केलंय. हात थांबत नाही बघ."

"माझा तरी कुठे थांबतो," मेकॅनिक पुटपुटला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दाजींनी डब्यात उरलेलं पाणी एक थेंबही न सांडता होडीत परत ओतलं.